ताक मागणारी माऊली : वेलंकनीच्या सणाची यात्रा

४ सप्टेंबर, वसईहून प्रस्थान

ऑगस्ट सरत आला की वसईच्या गावागावांत वेलंकनीला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. पवित्र मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला असतो. त्यासाठी तमिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यातील या समुद्रकाठच्या गावी २९ ऑगस्टला झेंडा चढतो, नोव्हेनेच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या, प्रार्थना सुरू होतात आणि रेल्वेलाही मुंबईहून थेट वेलंकनीपर्यंत विशेष गाड्या सोडाव्या लागतात. आमच्या गावच्या मंडळींनी तिकिटे जूनमध्येच काढून ठेवली होती. मी मात्र अगदी शेवटी, कुणाचे तरी येणे रद्द झाल्यामुळे, त्यांच्यात सामील झाले.

माझे कारण साधे होते. पक्षाघाताने आई अंथरुणाला खिळली आहे. तिचे सगळे करण्यासाठी मी शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि आता माझीच तब्येत तक्रार करू लागली आहे. वेलंकनीची मरिया ‘आरोग्यमाता’ म्हणून ओळखली जाते. आईला थोडे बरे वाटावे, निदान रात्रीची झोप तरी लागावी, एवढे मागण्यासाठी मी निघाले. घरी दिवसरात्र राहणारी एक बाई आणि शेजारच्या मामी यांच्यावर आईला सोपवले. मीरा रोडला राहणाऱ्या धाकट्या भावाला मी जाते आहे एवढेच कळवले.

डब्यात पहिल्या तासाभरातच डबे उघडले गेले. आगाशीच्या सुकेळ्यांचे पुडे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरले आणि कल्याण येईपर्यंत रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, सुरुवात झाली. पुढे पुणे, सोलापूर असा महाराष्ट्र संपेपर्यंतचा प्रवास ओळखीचाच आहे, त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

५ सप्टेंबर, गाडीत

दिवसभर आंध्रची तांबडी जमीन आणि खडकाळ टेकड्या खिडकीतून सरकत राहिल्या. आमच्यातल्या एक ज्येष्ठ मावशी पूर्वीही बऱ्याचदा वेलंकनीला जाऊन आल्या आहेत. त्यांच्याकडून दुपारी मी तिथल्या तिन्ही कथा नीट ऐकून घेतल्या. या कथांना लेखी पुरावा नाही, तोंडोतोंडी चालत आलेली ती श्रद्धा आहे, आणि वेलंकनीत त्या अशाच, श्रद्धा म्हणून सांगितल्या जातात.

पहिली कथा सोळाव्या शतकातली मानतात. एक हिंदू गुराखी पोर नागपट्टिनमच्या धन्याकडे दूध पोहोचवायला निघाला होता. वाटेत तळ्याकाठी वडाच्या सावलीत तो विसावला असता कडेवर बाळ घेतलेली एक तेजस्वी स्त्री त्याच्यापुढे आली आणि तिने बाळासाठी दूध मागितले. त्याने दिले. धन्याकडे पोहोचल्यावर दूध कमी का, याची तो सफाई देत असतानाच भांडे काठोकाठ भरून वाहू लागले. दुसऱ्या कथेत एका गरीब विधवेचा पांगळा मुलगा नडुतिट्टू नावाच्या उंचवट्यावर बसून वाटसरूंना ताक विकत असे. त्याच्याकडेही तीच स्त्री आली आणि तिने ताक मागितले. मग नागपट्टिनमच्या एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थाला माझ्यासाठी इथे एक लहानसे मंदिर बांधायला सांग, असे तिने त्याला फर्मावले. मुलगा उठला, आणि आपण चालतो आहोत हे त्याला चालू लागल्यावर कळले. तिसरी कथा मकावहून सिलोनकडे निघालेल्या पोर्तुगीज खलाशांची. बंगालच्या उपसागरात वादळात सापडल्यावर त्यांनी मरियेला साकडे घातले, किनाऱ्याला लागलो तर तुझे मंदिर बांधू असा नवस बोलला, आणि ते वेलंकनीच्या किनाऱ्याला लागले तो दिवस ८ सप्टेंबरचा होता. त्यांनी तिथल्या गवताने शाकारलेल्या झोपडीच्या जागी पक्के मंदिर बांधले. पुढच्या सफरींत चीनहून आणलेल्या, बायबलमधील प्रसंग चितारलेल्या चिनी मातीच्या बशा त्यांनी वेदीवर बसवल्या.

मावशींना तिसरी कथा सर्वांत प्रिय आहे, कारण तीत वादळ आहे आणि नवस आहे. मीही त्या घटकेला तिच्याकडेच ओढले गेले, कारण मीसुद्धा एक साकडे घेऊनच निघाले होते.

६ सप्टेंबर, वेलंकनी

पहाटे चिदंबरम, मग मयिलादुतुरै आणि तिरुवारूर. कावेरीच्या खोऱ्यातला हा सगळा भाग भाताचा. पाटांच्या कडेने भातखाचरे पाहताना आमच्या डब्यातल्या शेतकरी मंडळींचे डोळे बाहेरच खिळले होते. त्यातल्या एकाने इथल्या पाण्याचा हेवा अगदी मोकळेपणाने बोलून दाखवला. नागपट्टिनमनंतर वेलंकनी दहा-बारा किलोमीटरवर आहे.

गावात शिरण्याआधीच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसांची रांग लागली. भगवी वस्त्रे नेसलेले, अनवाणी, काही जण माऊलीची मूर्ती बसवलेला छोटा सजवलेला रथ ढकलणारे. चेन्नईहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत येणारे जथे यांत असतात. पंढरीच्या वारीची आठवण होणे मराठी माणसाला अपरिहार्य आहे, पण मला जास्त जाणवले ते हे की भगवी वस्त्रे, मुंडन, कानाला टोचणे, अंगाला चंदन, यांपैकी काहीही इथे परके मानले जात नाही. मुख्य मूर्तीलाही साडी नेसवलेली असते. चालणाऱ्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे पाहून सांगता येणार नाही, आणि विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही.

उंच मनोऱ्यांचे पांढरेशुभ्र गॉथिक धाटणीचे मंदिर दुरूनच दिसते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६२ मध्ये त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. आत मूर्तीसमोर थांबायला क्षणभरच मिळतो, स्वयंसेवक हाताने पुढे ढकलत असतात. त्या क्षणात मी जे मागायला आले होते ते मागायचे राहूनच गेले. माझी नजर पोर्सिलेनच्या बशांवरच रेंगाळली.

नवसाच्या वस्तूंचा संग्रह पाहायला आम्ही संध्याकाळी गेलो. आमच्या वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरे विकत मिळतात. इथे त्यांच्या जोडीला चांदीचे डोळे, सोन्याची साखळी, जहाजाची प्रतिकृती आणि परदेशी नोकरी लागल्याची कागदपत्रेसुद्धा आहेत. कुंपणांना पिवळे धागे आणि लाकडाचे इवलेसे पाळणे बांधलेले. एकेका पाळण्यामागे एकेक जोडपे. ते सगळे पाहून मनावर दडपण आले. मागणाऱ्यांची एवढी दाटी आणि त्यात माझी एक भर, असा तो विचार होता, आणि तो फारसा धार्मिक नव्हता हेही इथे नोंदवून ठेवते.

समुद्रावर गेलो तेव्हा मावशी एकदम गप्प झाल्या. २६ डिसेंबर २००४ ची सकाळ, नाताळनंतरचा रविवार. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आटोपून किनाऱ्यावर आलेले कितीतरी यात्रेकरू त्सुनामीत वाहून गेले. पाणी मंदिरात शिरले नाही, याला पुष्कळ लोक चमत्कार म्हणतात. मला ते म्हणवत नाही. बाहेर बुडाले तेही तिचेच यात्रेकरू होते, आणि आत वाचले त्यांच्याहून त्यांची श्रद्धा कमी होती असे कुणी म्हणू शकणार नाही. मावशींनी वाळूत उभे राहून त्यांच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हटली. माझ्या मते त्या किनाऱ्यावर करण्यासारखे तेवढेच आहे.

७ सप्टेंबर, तळे, नडुतिट्टू आणि रथ

तळ्याकडून बॅसिलिकेकडे येणारी वाळूची लांब वाट आहे. नवस फेडणारे लोक ती गुडघ्यांवर चालतात. ऊन चढण्याआधी पाहावे म्हणून आम्ही पहाटेच तिथे पोहोचलो. साठीच्या पुढची एक तमिळ बाई गुडघ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून पुढे सरकत होती. प्रत्येक चार-सहा पावलांवर ती थांबे, दोन्ही हात वाळूत टेकून श्वास घेई, आणि तिच्या बाजूने चालणारा तरुण मुलगा खाली वाकून चिंध्या पुन्हा घट्ट बांधी. त्याने एकदाही तिला उठवण्याचा प्रयत्न केला नाही. एका ठिकाणी तिने त्याच्याकडे न पाहताच हात पुढे केला आणि त्याने त्यात पाण्याची बाटली दिली. ती पाणी प्याली, बाटली परत दिली आणि पुन्हा निघाली. आपण पाणी मागितले याचा कसलाही संकोच तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

तळ्यावर गुराख्याच्या कथेचे स्मारक आहे, लोक तिथले पाणी बाटल्यांत भरून घेतात. तिथून आम्ही नडुतिट्टूला गेलो. आता त्या उंचवट्यावर प्रार्थनागृह आहे, वाटसरू राहिलेले नाहीत, यात्रेकरू आहेत. पण माझ्या मनात दोन दिवसांपूर्वी गाडीत ऐकलेली कथा इथे उलटीपालटी होऊ लागली. आम्ही सगळे इथे मागायला येतो. आणि ज्या दोन कथांवर हे क्षेत्र उभे आहे, त्या दोन्हींत मागणारी तीच आहे. ती एका गुराख्याकडे दूध मागते, एका पांगळ्या पोराकडे ताक मागते. ज्यांच्याकडे देण्यासारखे जवळजवळ काही नाही, त्यांच्याकडे ती हात पसरते, आणि जे त्यांच्याजवळ आहे तेवढेच मागते. चमत्कार नंतर घडतो. त्याआधी एक साधी मागणी असते, आणि त्या पोरांनी तिला नकार दिलेला नसतो.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या शुभवर्तमानातही हे आहे, ते इतक्यांदा ऐकूनही मला जाणवले नव्हते. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी स्त्रीला प्रथम काही देत नाही, ‘मला प्यायला दे’ असे म्हणतो. क्रुसावरून तो ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो तेव्हा मरिया स्वतःसाठी काही मागत नाही, पण दुसऱ्यांसाठी आपल्या मुलाकडे शब्द टाकायला तिला अवघड वाटत नाही. आपल्याकडे मागणे म्हणजे कमीपणा, असे मी लहानपणापासून मानत आले. देणाऱ्याचा हात वर असावा, ही शिकवण मी शाळेत मुलांनाही दिली आहे. पण इथे तर देवाची आई एका पोराकडून ताकाचे भांडे घेते आहे, आणि त्यानंतर त्याच पोराला कामालाही लावते आहे: जा, नागपट्टिनमला जाऊन सांगून ये.

आई रात्री पाणी मागते. कधी उशी सरकवायला सांगते, कधी खिडकी उघडायला, कधी काहीच नको असते, नुसती हाक असते. पहाटे तीनच्या सुमारास पाचव्या हाकेला उठताना माझ्या मनात जे येत असे ते इथे लिहिण्याजोगे नाही. नडुतिट्टूच्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा वाटले की माझ्या घरात रोज मागणारी एक आई आहे, आणि तिच्या बरे होण्याची प्रार्थना घेऊन मी दोन दिवसांचा प्रवास करून आले ती बहुधा तिच्या हाका थांबाव्यात म्हणून. हा विचार सुखाचा नव्हता. त्यामागून दुसरा आला: मी स्वतः कुणाकडे काय मागितले? भावाकडे मी काहीच मागितले नाही. त्याने आपणहून विचारावे याची वाट पाहत राहिले, आणि तो विचारत नाही याचा राग धरून बसले.

संध्याकाळी मोठा रथ निघाला. समुद्राच्या वाऱ्यात दिव्यांच्या माळा हलत होत्या, संतांच्या मूर्तींचे छोटे रथ पुढे, आणि सर्वांत शेवटी फुलांनी मढवलेला माऊलीचा उंच रथ. ‘मरिये वाळ्ग’ असा गजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई. कोकणी गटांनी गाणे धरले की आमची मंडळीही सूर मिसळत. गर्दी इतकी होती की पाय जमिनीला टेकतात की नाही, हेही कळत नव्हते. एकमेकींचे पदर हाताला गुंडाळून आम्ही कशाबशा एकत्र राहिलो.

८ सप्टेंबर, जन्माचा सण

चर्च संतांचे स्मरण बहुधा त्यांच्या मरणाच्या दिवशी करते, कारण तोच त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस मानला जातो. पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो तिघांचाच: येशूचा २५ डिसेंबरला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला आणि मरियेचा ८ सप्टेंबरला. ८ डिसेंबरच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या, म्हणजे मरिया आईच्या उदरात पापाच्या डागाविना आली त्या, सणापासून मोजले तर बरोबर नऊ महिन्यांनी हा दिवस येतो. मरियेच्या जन्माबद्दल बायबलमध्ये एक ओळही नाही. तिचे आईवडील अन्ना आणि योवाकीम ही नावेसुद्धा बायबलबाहेरच्या दुसऱ्या शतकातील एका जुन्या लिखाणातून परंपरेत आली आहेत. पूर्वेकडच्या ख्रिस्ती समाजात हा सण आधी रुजला आणि सातव्या शतकात तो रोमला पोहोचला.

सणाची मोठी मिस्सा तंजावूरच्या बिशपांच्या हस्ते झाली, कारण वेलंकनी त्याच धर्मप्रांतात येते. मराठी आणि कोकणी मिस्सांनाही आमची माणसे जात असतात, पण मी मुद्दाम मुख्य मिस्सेला, मांडवाच्या अगदी मागच्या टोकाला, उभी राहिले. तमिळ मला येत नाही. तरी शुभवर्तमान सुरू झाले आणि ते कुठले आहे हे मला लगेच कळले: आबिरहाम, ईसाक्कु, याक्कोबु, तावीदु. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ. हे वाचन वसईतही दरवर्षी होते आणि नावांच्या त्या लांबलचक यादीत अर्धे लोक घड्याळाकडे पाहतात. मीही पाहते. परक्या भाषेत मात्र केवळ नावेच हाती लागत होती, त्यामुळे ती नीट ऐकली गेली.

त्या पुरुषांच्या यादीत मरियेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि नाव न घेतलेली उरीयाची बायको. चौघींचीही आयुष्ये सरळ नाहीत. त्यातली रूथ मला जवळची आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी परत जाऊ शकत होती, पण म्हाताऱ्या सासूला एकटी सोडणार नाही म्हणून ती तिच्याबरोबर परक्या गावी गेली आणि पोट भरण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागली. सरवा वेचण्याआधी तिने परवानगी मागितली, आणि पुढे त्या शेताच्या मालकाला, बवाजाला, तू मला आपल्या पंखाखाली घे, असे स्पष्ट सांगितले. सासूची सेवा करणारी रूथ मला शाळेपासून पाठ होती. मागणारी रूथ त्या मांडवात, पायाखाली पसरलेल्या गोणपाटावर उभी असताना मला भेटली. मरियेचा जन्म या बायकांच्या यादीच्या शेवटी होतो, आणि त्या यादीत मान खाली घालून सगळे एकटीने रेटणारी कुणीच नाही.

या सणाचा माझ्यापुरता अर्थ तिथे लागला. अन्नाच्या घरी एक मुलगी जन्मली, तिला पुढे काय करायचे आहे याची कुणालाच कल्पना नव्हती, तिला कुणीतरी न्हाऊमाखू घातले असेल, कुणीतरी तिच्या रात्रीच्या रडण्याला उठले असेल. देवाच्या योजनेतला एवढा मोठा जीवही एका घराच्या हातात, सर्वस्वी मागणारा म्हणून आला. आता माझी आई आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला तशीच झाली आहे. तिला पुन्हा उभे कर, असे मी त्या दिवशीही मागितले. ते मागणे मी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक मागणे माझ्याकडेच वळून आले, आणि ते मला मंदिरात पुरे करता येण्यासारखे नव्हते.

संध्याकाळी झेंडा उतरवला. आमच्यातल्या बहुतेकांना खरेदी उरकायची होती. मी मेणबत्त्या आणि तळ्याचे पाणी घेतले.

९ सप्टेंबर, नागोर आणि तंजावूर

परतीची गाडी रात्री तंजावूरहून होती, त्यामुळे सकाळी नागोरचा दर्गा पाहून घेतला. तिथल्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावूरच्या मराठा राजाने, प्रतापसिंहाने बांधला आहे, हे ठाऊक असूनही मिनाराखाली उभे राहिल्यावर मान वर करताना थोडा अभिमान वाटलाच. दर्ग्याच्या तळ्यावर मुंडन केलेली माणसे पाहिली. त्यांतली काही वेलंकनीहूनच आलेली दिसत होती, कारण त्यांच्या गळ्यात रोझरी होती. तंजावूरला बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा. तो मला धड वाचता आला नाही, आणि उन्हात फार वेळ उभेही राहवले नाही.

स्टेशनवर गाडी यायला तासभर होता. भावाला फोन लावला. आईची चौकशी झाली, तिकडच्या पावसाची झाली. मग मी म्हणाले, “आठवड्यातल्या दोन रात्री तू आईजवळ राहा. मला झोप हवी आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. “ताई, तू हे आधी का नाही बोललीस?” तो म्हणाला. “मला वाटायचं, मी आलो तर तुला अडचण होईल. शुक्रवार-शनिवार मला जमेल. पण तिची औषधं मला समजावून सांगावी लागतील.”

औषधांची यादी मी तिथेच, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या पिशवीवर कागद ठेवून, लिहायला घेतली: सकाळी रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, दुपारी कूस बदलायची, रात्री पाणी चमच्याने आणि तिला बसवूनच, नाहीतर ठसका लागतो. मावशींनी दहीभाताची पुडकी आणली होती, ती उघडेपर्यंत यादीचा दुसरा कागद सुरू झाला होता.